कोरोनाची लढाई वाडीवर झाली, तिचा हिशेब मात्र वाडीपर्यंत आलाच नाही

रत्नागिरी : कोरोनाला पाच वर्षे उलटली. तालुक्याच्या कार्यालयातल्या फायली कपाटात गेल्या, कोविड सेंटरचे बोर्ड उतरले, शाळांमध्ये पुन्हा पोरं बसू लागली. २०२५ च्या मे-जूनमध्ये राज्यात पुन्हा थोडे रुग्ण सापडले तेव्हा दोन दिवस चर्चा झाली. नंतर पेरणी-लावणीच्या गडबडीत सगळे विसरले. पण जिल्ह्यातल्या कितीतरी आशाताईंच्या घरी, कपाटावर नाहीतर पत्र्याच्या पेटीत, त्या काळातल्या वह्या अजून पडून आहेत. मुंबईहून कोण आला, कुठल्या गाडीने आला, कुठे ठेवला, ताप किती, ऑक्सिजन किती, घरात म्हातारे माणूस कोण, असे सगळे त्यात हाताने लिहिलेले आहे.

त्या वह्या कोणी मागितल्या नाहीत. वर गेले ते आकडे. आकडे ज्यांनी गोळा केले त्यांना काय अधिकार होता, त्यांच्यावर काय बेतले, गावाने काय केले आणि कुठे चुकले, याची नोंद कुठल्याच अहवालात गावाच्या नावाने सापडत नाही. पुढची साथ आली तर पुन्हा हीच माणसे दारोदार फिरणार आहेत, म्हणून हा हिशेब आता तरी मांडायला हवा.

चाकरमानी दारात आला तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्याची गोष्ट बाकी जिल्ह्यांपेक्षा वेगळी का झाली, हे समजायला जनगणनेचे दोन आकडे पुरतात. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत माणसे वाढली नाहीत, कमी झाली. आणि २०११ ला दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. कारण सगळ्यांना माहीत आहे. कमावता गडी मुंबईला, गावात बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरं. रेशनकार्डावर नाव गावचे, झोपायची जागा मात्र लालबाग, धारावी, दिवा नाहीतर नालासोपाऱ्यात.

मार्च २०२० मध्ये जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला. २५ मार्चपासून देश बंद झाला. एप्रिलअखेरपर्यंत जिल्ह्यातले रुग्ण बोटावर मोजण्याइतके होते. तिकडे मुंबईत मात्र दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे, बाहेर सामायिक संडास, कंपनी बंद, खानावळ बंद, हातात पैसे नाहीत. शिमग्याला येऊन गेलेला माणूस पुन्हा गावाकडे बघू लागला. एसटी नाही, रेल्वे नाही. काही जण पनवेलपासून मुंबई-गोवा महामार्गाने चालत निघाले, काही रेल्वेच्या रुळावरून. मे महिन्यात ई-पास मिळू लागले आणि कशेडी घाटातल्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागली.

इथे गावाची पहिली परीक्षा झाली. येणारा परका नव्हता. कुणाचा मुलगा, कुणाचा दीर, कुणाचा भाचा. देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या कंपाउंडला, पालखीच्या चांदीला ज्याने मुंबई मंडळातून वर्गणी पाठवली तोच. आणि त्याच माणसाला काही गावांनी वेशीवर बांबू आडवे लावून थांबवले. मुंबईकरांनी हे मनाला लावून घेतले. 'पैसे पाहिजेत तेव्हा आम्ही गावचे, आणि जीव वाचवायला आलो तर रोग घेऊन आलो' ही बोच अजून काही घरांत शिल्लक आहे.

गावाची बाजूही खोटी नव्हती. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, एकच न्हाणीघर, जवळचा दवाखाना आठ-दहा किलोमीटरवर. घशातल्या नमुन्याची तपासणी जिल्ह्यात होत नव्हती. नमुने घाट चढून मिरजेला जात आणि अहवाल येईपर्यंत संशयित माणूस आणि त्याचे अख्खे घर टांगणीला. रत्नागिरीत तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये, म्हणजे चाकरमान्यांचा मोठा लोंढा येऊन गेल्यावर. अहवाल वेळेत मिळाला असता तर किती बांबू आडवे पडले नसते, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. तपासणी जवळ असली की भीती कमी होते. ती लांब असली की माणूस माणसाला अडवतो.

निर्णय कोणाचा, शिव्या कोणाला

शासनाने गावोगाव ग्राम कृती दल नेमले. सरपंच अध्यक्ष, सोबत ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा. कागदावर दल मोठे दिसते. प्रत्यक्षात एका तलाठ्याकडे तीन-चार गावे, ग्रामसेवकाकडे दोन ग्रामपंचायती. गावात चोवीस तास राहणारे उरले सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि आशा. त्यातही रोज घरी जाऊन विचारणारी एकच, आशा.

नियमाने साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. घाटावर हजार लोक म्हणजे एका पारावर जमणारे गाव. कोकणात हजार लोक म्हणजे आठ-दहा वाड्या. एक वाडी खाली पऱ्याला, एक वर सड्यावर, एक नदीपलीकडे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा एका पथकाने दिवसाला ५० घरे करायची असे ठरले. शहरात ५० घरे म्हणजे दोन इमारती. इथे ५० घरे म्हणजे भर पावसात पायवाटा, चढ-उतार, गवतात साप, आणि प्रत्येक दारात कुत्रा.

यापेक्षा मोठी अडचण नात्याची होती. आशा ही त्याच गावची सून. ज्या घरात जाऊन 'तुम्हाला चौदा दिवस शाळेत राहावे लागेल' असे सांगायचे, ते घर तिच्या चुलत सासऱ्याचे. ज्याचे नाव वर कळवायचे तो तिच्या मुलाचा मित्र. नाव कळवले तर 'आपल्यातली असून घात केलास गो' हे ऐकायचे. नाही कळवले आणि वाडीत रुग्ण निघाला तर 'झोपली होतीस काय?' हेही तिलाच. पोलिसांकडे काठी होती, तहसीलदारांकडे आदेश होता. तिच्या हातात पेन आणि वही. सुरुवातीला तर धड मास्कही नव्हते. अनेकींनी ओढणी नाहीतर साडीचा पदर तोंडाला बांधून पहिला सर्व्हे केला.

घरी आल्यावर तिचे दुसरे कोरंटीन सुरू होई. अंगणातच गरम पाणी, कपडे वेगळे, लेकराला लांबूनच बघायचे. काही घरांत सासू-सासऱ्यांनी सांगून टाकले की काम सोड नाहीतर पडवीत झोप. बऱ्याच जणी पडवीत झोपल्या, पण काम सोडले नाही.

शाळेतले चौदा दिवस

विलगीकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, एक संडास, नळाला पाणी एक दिवसाआड. जेवण घरून डब्यात यायचे, फाटकाशी ठेवायचे, आणि आत असलेल्याने नंतर उचलायचे. काही गावांनी हे फार शहाणपणाने केले. वाडीतले एखादे बंद घर साफ करून दिले, कलमांच्या बागेतली खोपी दिली, गावातल्या पोरांनी लाइट जोडून दिली, मुंबई मंडळाने गॅस भरून दिला. काही गावांत मात्र एकाच खोलीत आज आलेला आणि बारावा दिवस झालेला शेजारी शेजारी झोपले. मग विलगीकरणाचा अर्थच राहिला नाही. दोन्ही गावांना सूचना एकच आली होती. फरक पडला तो गावात बसून आधी कोणी विचार केला होता यामुळे.

हा सगळा काळ आंब्याचा होता. वाशीचा बाजार कधी चालू तर कधी बंद, पेटीला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही. बागेत राखणीला आलेले आणि बोटींवर खलाशी म्हणून आलेले नेपाळी कामगार इथेच अडकले. तेव्हा बागायतदारांच्या मुलांनी मोबाइलवरून मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या गाठल्या आणि पेट्या थेट दारात पोचवल्या. एसटीने मे २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली तेव्हा इथल्या आंब्याच्या पेट्या तिच्या पहिल्या मालात होत्या. मुंबईतला माणूस गावात येऊ नये असे वाटत होते, आणि गावचा आंबा मात्र मुंबईत जायलाच हवा होता. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी चालू होत्या. म्हणून तेव्हाच्या वागण्याला सरसकट माणुसकी किंवा सरसकट दुष्टपणा म्हणता येत नाही.

वादळ, गणपती आणि पूर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची कौले, पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या, वीज कित्येक आठवडे नव्हती. ज्या शाळांत विलगीकरण होते त्यांचीही छपरे गेली. अंतर ठेवा असे सांगणाऱ्या गावाला एका धड छपराखाली दाटीने बसावे लागले. मोबाइलचे टॉवर बंद, त्यामुळे रोजचा अहवाल फोनवर देणेही बंद. आशाताईंची हाताने लिहिलेली वही तेव्हा कामाला आली.

मग गणपती. २२ ऑगस्ट २०२० ची चतुर्थी. गावांनी चौदा दिवसांचे विलगीकरण धरून ठेवले होते. शासनाने ते दहा दिवसांवर आणले, १२ ऑगस्टपूर्वी पोहोचायला सांगितले आणि एसटीने येणाऱ्याला ई-पासची सक्ती काढली. कोकणी माणसाने वर्षात दुसरे काही सोडले तरी गणपती सोडत नाही, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. पण चौदाचे दहा का झाले हे वाडीवर समजावून सांगायला कोण होते? पुन्हा तीच, वही घेतलेली. घरगुती मूर्ती दोन फुटांची, आरतीला शेजारी नाहीत, भजन-जाखडी बंद. बऱ्याच घरांनी हे निमूट पाळले. त्याचे श्रेय कोणत्या आदेशाला देण्यापेक्षा त्या त्या वाडीतल्या जाणत्या माणसांना द्यायला हवे.

२०२१ मधली दुसरी लाट आपल्याकडे उशिरा चढली आणि उशिरा उतरली. जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लसचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यात ९ रत्नागिरी जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव दिल्लीपर्यंत गेले. त्याआधी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले होतेच. या लाटेत गावात मुंबईकराला बोट दाखवायची सोय राहिली नव्हती. आजार वाडीतच होता. आता लोक चाचणीलाच घाबरू लागले. 'नाव गेले की गाडी येते, गाडीतून गेलेला परत येत नाही' अशी भीती पसरली. ताप अंगावर काढायचा, साधी सर्दी सांगायची, ऑक्सिमीटर आणला की बोट मागे घ्यायचे. सहा मिनिटे चालून ऑक्सिजन किती उतरतो ते बघायची साधी तपासणी आशाताईंनी अंगणात करून घेतली आणि त्यातून किती तरी माणसे वेळेत तालुक्याला गेली. जी गेली नाहीत त्यांतली काही घरीच गेली.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढले, कोविड रुग्णालयात शिरले, आणि तिथल्या आठ रुग्णांचे जीव गेले. नंतर चिखल काढायला राज्यभरातून माणसे आली. मास्क कोणाच्या तोंडावर होता, कोणाच्या नव्हता. त्या चिखलात कोरोनाबरोबर लेप्टोचीही भीती होती. एका संकटाची तयारी करताना दुसरे येऊ शकते, हे या जिल्ह्याने चौदा महिन्यांत तीनदा पाहिले. तरीही साथीचा आराखडा वेगळा आणि पुराचा आराखडा वेगळा, अशीच आपली पद्धत आहे.

मानधनाचा हिशेब

आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली. शब्द आहे 'स्वयंसेविका'. पगार नाही, कामावर आधारित मोबदला. कोरोनाच्या कामासाठी केंद्राने महिना हजार रुपये ठरवले. दिवसाला तेहतीस रुपये आणि काही पैसे. जुलै २०२० मध्ये राज्याने आपल्या वाट्याचे दोन हजार वाढवले. जून २०२१ मध्ये, म्हणजे जिल्ह्यात साथ भरात असताना, राज्यभरच्या आशांना १५ तारखेपासून संपावर जावे लागले. त्यानंतर हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. गावात ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिले. पुन्हा २०२३ च्या ऑक्टोबरपासून संप, पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संप. मार्च २०२४ मध्ये राज्याने पाच हजारांची वाढ मंजूर केली.

वाढ झाली हे चांगलेच झाले. पण बहुतेक वेळा आंदोलन केल्याशिवाय काही मिळाले नाही, हेही खरे. आणि 'स्वयंसेविका' हा शब्द आजही तसाच आहे. त्या शब्दामुळे तिला रजा नाही, निवृत्तीवेतन नाही. आजारी पडली तर तिची वाडी रिकामी, बदली कोणी येत नाही.

दुसरा हिशेब मृतांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपये मिळाले. त्यासाठी चाचणीचा किंवा निदानाचा कागद हवा, आणि मृत्यू त्यानंतर तीस दिवसांतला. जो माणूस भीतीने चाचणीला गेलाच नाही आणि घरच्या ओटीवर गेला, त्याच्या घरच्यांकडे कागद कुठला? आशाच्या वहीत 'ताप पाचवा दिवस, दम लागतो' असे लिहिलेले असते. पण ती वही पुरावा म्हणून कोणी मोजत नाही.

आता करायचे काय

साथ गेल्यावर काहीच झाले नाही असे नाही. रत्नागिरीत प्रयोगशाळा राहिली. २०२३-२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण महाविद्यालय रत्नागिरी शहरात आहे आणि साथ वाडीवर येते. मधल्या साठ-सत्तर किलोमीटरमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि आशा आहे. डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असायला हवे. ते इमारत म्हणून असते, पण दार रोज उघडे असते का, हे गावाने स्वतः तपासायला हवे.

ग्रामपंचायतीच्या हातात असलेल्या चार गोष्टी तरी लगेच होऊ शकतात. पहिली, आशाताईंच्या जुन्या वह्या ग्रामपंचायतीने सन्मानाने मागून घ्याव्यात, माणसांची नावे झाकून त्यातून गावाचा इतिहास लिहून ठेवावा. कोणत्या वाडीत काय चुकले, कोणत्या वाडीत काय जमले, हे पुढच्या सरपंचाला वाचता येईल. दुसरी, विलगीकरणाची जागा आत्ताच ठरवून ठेवावी. दोन संडास, पाणी, लाइट आणि धड छप्पर असलेली, आणि पुराच्या रेषेच्या वर. तीच जागा वादळातही उपयोगी पडेल. तिसरी, माणसाला थांबवायचा किंवा हलवायचा निर्णय कृती दलाने लेखी आणि सर्वांच्या सहीने द्यावा, म्हणजे निरोप घेऊन जाणाऱ्या एका बाईवर रोष येणार नाही. चौथी, मुंबई मंडळाला या बैठकीत आधीच बसवावे. येणारा माणूस मंडळाचा असतो. त्याला गाडीत बसण्याआधी नियम कळला तर वेशीवर भांडण होत नाही.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेत विषय घ्यावा लागतो. गणपतीला चाकरमानी गावात असतात, तेव्हा ग्रामसभेला गर्दीही होते. त्याच वेळी हा विषय पत्रिकेवर आणता येईल.

त्या काळात जे दुखावले गेले त्यांतले बरेच जण आता पुन्हा एकत्र जेवतात, पालखीला खांदा देतात. काही घरांत मात्र अजून बोलणे नाही. वेशीवर अडवलेल्या भावाचे आणि अडवणाऱ्या भावाचे, नाव कळवणाऱ्या आशाचे आणि शाळेत चौदा दिवस काढलेल्या शेजाऱ्याचे. ग्रामसभेत त्या दिवसांबद्दल एकदा उघड बोलणे झाले, आणि ठरवले ते गावाने, एकट्या आशाने नव्हे, एवढे जरी गावाने कबूल केले, तरी तिच्या डोक्यावरचे पाच वर्षांचे ओझे थोडे खाली येईल.